‘नाही’ म्हणणारी वस्तू

चौथीच्या वर्गाला आठवड्यातून एक जोडतास फक्त हातानं काहीतरी करून बघण्यासाठी मिळावा, ही माझी मागणी शाळेनं मान्य केली आणि लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला: मुलांना द्यायचं काय? विज्ञानाचे तयार संच भरपूर मिळतात. त्यातले बहुतेक मी बाजूला ठेवले. चित्रात दाखवल्याप्रमाणे एक भाग दुसऱ्याला जोडत गेलं की शेवटी पंखा फिरतो, मूल खूश होतं. पण पंखा फिरला नाही तर का नाही, हा प्रश्न त्याला पडायची वेळच येत नाही. मला अशी वस्तू हवी होती जी मुलाच्या चुकलेल्या अंदाजाला स्पष्ट ‘नाही’ म्हणेल आणि मिनिटाभरात त्याला पुन्हा विचारू देईल. हे ‘नाही’ माझ्या तोंडून आलं की मूल माझा चेहरा वाचून पुढचं उत्तर ठरवतं. वस्तूकडून आलं तर ते वस्तूकडे बघतं. वर्षभरातली माझी सगळी निवड या एका कसोटीवर झाली.

सुरुवात लोलकानं, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलवायच्या लंबकानं केली. दोरा, लोखंडी नट, वाकवलेल्या तारेचा एक आकडा आणि टेबलाच्या कडेला चिकटवलेली पट्टी, एवढंच सामान. पहिला जोडतास मी मुलांना काहीही विचारलं नाही. त्यांनी नट झुलवले, एकमेकांवर आदळवले, दोरा पीळ देऊन गरगर फिरवला. एका गटानं आडव्या दोरीला दोन लोलक बांधले आणि एक थांबला की दुसरा झुलायला लागतो हे बघून अख्ख्या वर्गाला बोलावलं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड हॉकिन्स यांनी १९६५ मध्ये लिहून ठेवलंय की विज्ञान शिकताना सुरुवातीला मुलांना साहित्याशी मनसोक्त खेळू द्यावं, त्या वेळी प्रश्नही विचारू नयेत. त्यांनी उदाहरण दिलंय तेही लोलकाचंच, आणि ठरवलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ त्यांनी हा खेळ चालू ठेवला होता. हे वाचलेलं असूनही प्रत्यक्ष वर्गात गप्प बसणं मला फार जड गेलं. पण त्या मोकळ्या वेळाचा परिणाम पुढच्या तासाला दिसला. प्रश्न विचारला तेव्हा नट हातात आला म्हणून कुणी चेकाळलं नाही. तो आता ओळखीचा झाला होता.

प्रश्न असा होता: जड लोलक भरभर झुलेल की हळू? अंदाज आधी वहीत, तोही पेननं लिहायचा. पेन्सिलनं लिहिला की निकाल कळल्यावर तो खोडला जातो, आणि मला तर तो अंदाजच हवा होता. बहुतेकांनी ‘जड म्हणजे भरभर’ असं लिहिलं. मग दहा झोके मोजून वेळ घ्यायचा. इथे मुलं नेहमी एका ठिकाणी अडखळतात. लोलक सोडतानाच ‘एक’ म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात नऊच झोके मोजले जातात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं, हे दोन गटांचे आकडे जुळेनात तेव्हा त्यांचं त्यांनीच ठरवलं.

यापुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तीन नट टांगायच्या दोन पद्धती आहेत: तिन्ही एकाच आकड्यात अडकवायचे, किंवा एकाखाली एक साखळीसारखे बांधायचे. मी मुद्दाम पद्धत सांगितली नाही. साहजिकच काही गटांना वजन वाढवूनही वेळ तेवढाच मिळाला आणि काहींचा लोलक जरा मंदावला. वर्गात कडाक्याचं भांडण झालं. दोन्ही बाजू आपापले आकडे दाखवत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. शेवटी एका मुलीनं विचारलं, “बाई, दोरा कुठपर्यंत मोजायचा? गाठीपर्यंत की नटापर्यंत?” साखळी केली की वजनाचा मध्य खाली सरकतो, म्हणजे लोलकच लांब होतो. मी फक्त मोजपट्टी पुढे केली. लोलकाची लांबी टांगलेल्या वस्तूच्या मध्यापर्यंत धरायची, ही पाठ्यपुस्तकात व्याख्या म्हणून येणारी गोष्ट त्या दिवशी भांडण मिटवायला लागली.

नंतर एका सेकंदात एक पूर्ण झोका घेणारा लोलक बनवायचा खेळ झाला. लांबी साधारण २५ सेंटिमीटर निघते. दोन सेकंदांसाठी सगळ्यांनी बेधडक ५० सेंटिमीटर लिहिलं. दहा झोक्यांना २० सेकंद अपेक्षित होते, आले १४. मुलं घड्याळाला दोष देऊन पुन्हा मोजायला लागली, पुन्हा १४. हळूहळू दोरा वाढवत ती एक मीटरपर्यंत पोहोचली तेव्हा २० सेकंद मिळाले. वर्गमुळाचा उल्लेख मी केला नाही. ‘वेळ दुप्पट हवा तर दोरा चौपट’ असं त्यांनी वहीत लिहिलं. चौथीला तेवढं पुरतं. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये याच गुणाचा वापर करून लंबकाचं घड्याळ बनवलं, ही गोष्ट मी शेवटी सांगितली. आधी सांगितली असती तर ती नुसती माहिती झाली असती.

त्यानंतर वीज. एक सेल, विजेरीचा एक छोटा बल्ब आणि एकच वायर. बल्ब लावून दाखवा. मुलांच्या वहीतली आधीची चित्रं मी जपून ठेवली आहेत. बहुतेक चित्रांत सेलच्या वरच्या टोकापासून बल्बच्या तळापर्यंत एक रेघ आहे आणि बल्ब झगझगतोय. नळातून बादलीत पाणी यावं तशी वीज सेलमधून बल्बमध्ये जाते, अशी ती कल्पना. न्यूझीलंडचे संशोधक रॉजर ऑस्बर्न यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या अशा कल्पना नोंदवल्या होत्या. काही मुलं एकच वायर पुरेल असं मानतात, काही म्हणतात दोन्ही टोकांकडून वीज येते आणि बल्बमध्ये तिची टक्कर होते, काहींच्या मते बल्ब वीज थोडी खाऊन उरलेली परत पाठवतो. माझ्या वर्गात या सगळ्या कल्पना निघाल्या. मी एकीलाही चूक म्हटलं नाही. सेल होता ना.

एका टेबलावर बल्ब लागला तेव्हा झालेला आवाज शेजारच्या वर्गापर्यंत गेला असणार. पण मी त्या गटाला लगेच दुसरं काम दिलं: बल्ब लागेल अशा आणखी किती तऱ्हा आहेत, आणि न लागणाऱ्याही सगळ्या काढा. न लागणारी चित्रं काढायला सांगणं फार उपयोगी पडतं. त्यातूनच मुलांना दिसलं की बल्बलाही दोन जागा आहेत, एक तळाचा ठिपका आणि दुसरी बाजूची धातूची कडी, आणि दोन्हींना स्पर्श झाल्याशिवाय काही होत नाही. तार आत कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हे बघायला भिंग दिलं. इथे एलईडीऐवजी जुन्या पद्धतीचाच बल्ब हवा, असं माझं ठाम मत आहे. तो उलटसुलट कसाही लागतो, म्हणून मुलाच्या डोक्यात एका वेळी एकच प्रश्न राहतो, आणि काचेतून वाट डोळ्यांना दिसते.

एलईडी नंतर आणला, मिठाच्या कणकेबरोबर. ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतल्या सेंट थॉमस विद्यापीठात अ‍ॅनमेरी थॉमस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती मुलांसाठी तयार केली. मीठ घालून मळलेल्या कणकेतून वीज वाहते, कारण पाण्यात विरघळलेल्या मिठाचे भारित कण इकडून तिकडे जाऊ शकतात. मिठाऐवजी साखर आणि शुद्ध केलेलं पाणी वापरलं तर कणीक वीज जवळजवळ अडवते. दोन गोळे मिठाचे, मध्ये पाचर साखरेच्या गोळ्याची, चार पेन्सिल सेलांचा डबा आणि एलईडीचा एकेक पाय एकेका गोळ्यात. सहा व्होल्टला एलईडी थेट जोडला तर तो जळतो. कणकेचा रोध मध्ये असल्यामुळे तो वाचतो. म्हणून वायर थेट एलईडीला लावायची नाही, हा नियम मी कारणासकट सांगितला. जळालेला एलईडीही ‘नाही’च म्हणतो, पण त्याला पुन्हा विचारता येत नाही.

या तासाला मुलांनी ससे केले, घरं केली, डोळे चमकणारा अजगर केला. एलईडीचा लांब पाय कुठल्या बाजूला हवा हे कुणाला सांगावं लागलं नाही. न लागलेला उलटा करून बघायचा, एवढं पुरलं. अजगराच्या शेपटीकडचा दिवा मंद आणि तोंडाकडचा लख्ख का, यावर बराच वेळ गेला. सेलच्या वायरी तोंडाजवळ खोचल्या होत्या. एकानं वायरी उचलून शेपटीत खोचल्या आणि उजेडाची जागा पालटली. मग एका गटाचे दोन गोळे एकमेकांना चिकटले आणि दिवा विझला. “वीज आळशी आहे बाई, तिला जवळची वाट सापडली,” असं स्पष्टीकरण आलं. नेमकं सांगायचं तर बहुतेक प्रवाह कणकेतूनच परत जातो आणि एलईडीला लागणारा विजेचा दाब उरत नाही. पण त्या मुलानं आपल्या शब्दांत सांगितलेलं मी तसंच फळ्यावर लिहिलं. पुढे कुणाचाही दिवा लागेना की वर्ग आधी ‘आळशी वाट’ शोधायचा, आणि बहुतेक वेळा ती सापडायची.

इथे सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहायला हवं. चपटे बटण सेल मी वर्गात येऊ देत नाही. कागदी विद्युतमंडलासाठी ते सोयीचे असतात, हे मला मान्य आहे. पण असा सेल गिळला गेला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. वर्गातल्या मोठ्या मुलाच्या खिशातून तो घरच्या लहान भावंडाच्या हातात जाऊ शकतो, आणि ही जोखीम मला कुठल्याही प्रयोगासाठी घ्यायची नाही. पेन्सिल सेल डब्यात बसवलेले, आणि काही गरम लागलं की लगेच सोडायचं, हा पहिला नियम. सेल मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे.

काड्यांचा खेळ दोन तासांतच आटोपला, पण तो सोडू नये. अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या वापरून रचना करायची पद्धत मुलांपर्यंत पोहोचवली. काड्यांचा गुल मी आधीच खरवडून ठेवला होता. चौकोन हलतो, पंचकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. बोटानं दाबलं की कळतं. मग पूल बांधा आणि त्यावर पुस्तकं ठेवा, एवढंच सांगितलं. हलणाऱ्या चौकोनात आडवी काडी घालायला कुणी शिकवलं नाही.

तंत्रज्ञानाचा भाग मी संगणकाशिवाय सुरू केला. जमिनीवर खडूनं चौकटी आखल्या, मध्ये दप्तरांचे अडथळे ठेवले. एका मुलानं रोबो व्हायचं. बाकीच्यांनी कार्डाच्या पत्त्यांवर सूचना लिहून त्यांची रांग लावायची: एक पाऊल पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. पूर्ण रांग लागल्याशिवाय रोबो हलणार नाही. यात अडचण येते ती रोबोकडून. मूल समजूतदार असतं. सूचना चुकली तरी त्याला मित्राच्या मनातलं कळतं आणि ते आपणहून बरोबर वळतं. मग खेळाचा अर्थच संपतो, कारण ‘नाही’ म्हणणारं कुणी उरत नाही. म्हणून रोबोच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सांगितलं, तुला कुठे जायचंय हे तुला माहीत नाही, फक्त पत्त्यावरची सूचना ऐकायची. पहिलाच रोबो शांतपणे दप्तरावर जाऊन आपटला. वर्ग हसला आणि मग सगळे पत्त्यांकडे वळले. रोबोकडे कुणी वळलं नाही, आणि मला तेच बघायचं होतं.

रोबो समोरून तोंड करून येत असेल तर त्याचं डावं म्हणजे माझं उजवं. हे चौथीच्या मुलांना खरोखर कठीण जातं. काही मुलं पत्ते लावताना स्वतः उठून रोबोसारखी उभी राहायला लागली, अंग वळवून बघायला लागली. वॉली फॉयर्झिग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली आणि पुढे तिच्यात जमिनीवर फिरणारं ‘कासव’ आलं, त्यामागे पॅपर्ट यांचा हाच विचार होता: कासवाला काय सांगायचं हे कळेनासं झालं तर स्वतः कासव होऊन चालून बघ. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करत होते. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा पियाजेंचा विचार. हातानं काहीतरी बनवताना ते अधिक चांगलं रचलं जातं, ही त्यात पॅपर्ट यांची भर.

मग संगणकावर स्क्रॅच उघडलं, मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटानं २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ठोकळे एकाखाली एक जोडायचे की पडद्यावरचं मांजर चालतं. मांजराच्या हातात पेन देऊन चौरस काढायचा: शंभर पावलं, ९० अंश वळ, हे चार वेळा. सगळ्यांना आलं. मग मी समान बाजूंचा त्रिकोण मागितला. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्यांना काड्यांच्या वेळी कोनमापकानं मोजून माहीत झालं होतं. सगळ्यांनी ६० घातलं, तीन वेळा. पडद्यावर त्रिकोणाऐवजी उघडी वाटीसारखी आकृती आली, म्हणजे षटकोनाचा अर्धा भाग. मुलांनी ६० चं ५० केलं, ७० केलं, कुणी ३० केलं. मी गप्प होते. मला उत्तर माहीत असताना आणि वर्गात एवढी धडपड चालू असताना गप्प राहणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ते दर वेळी नव्यानं जमवावं लागतं.

एका मुलीनं खुर्ची मागे सारली. जमिनीवर खडूनं त्रिकोण काढला आणि हात समोर ताठ धरून रेघेवरून चालायला लागली. पहिल्या कोपऱ्यावर थांबली, वळली, पुन्हा मागे फिरली, पुन्हा वळली. “बाई, मी ६० पेक्षा खूप जास्त वळतेय!” मैत्रिणीनं रेघ पुढे वाढवली, कोनमापक ठेवला आणि १२० वाचलं. मांजराला आतला कोन ठाऊक नसतो. ते सरळ जात असतं आणि त्या सरळ दिशेपासून किती वळायचं तेवढंच त्याला हवं असतं. पडद्यावर त्रिकोण जुळला. मग कुणीतरी चौरसाचे चार नव्वद आणि त्रिकोणाचे तीन एकशेवीस यांची बेरीज केली. दोन्ही ३६०. “म्हणजे आपण एक अख्खी गिरकी घेतो,” असं एक मुलगा म्हणाला आणि जागच्या जागी फिरून दाखवलं.

त्यानंतर त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. पंचकोनाला ७२, षटकोनाला ६०, म्हणजे आधीचं ६० कुठे उपयोगी पडतं तेही कळलं. सप्तकोनाला भागाकार पुरा होईना. ५१ घातलं तर शेवटची रेघ पहिलीला नीट जुळत नाही, थोडी फट राहते. सहज दिसणार नाही इतकी बारीक फट, पण मुलांनी ती शोधली आणि त्यांना ती सहन होईना. एका गटानं दशांश वापरून बघितला आणि फट डोळ्यांना दिसेनाशी झाली. दशांश अपूर्णांकांची कुणाला इतकी गरज वाटलेली मी क्वचितच पाहिली आहे.

पालकांची काळजी अर्थातच आली. नुसतं खेळवताय, अभ्यासाचं काय? ही काळजी मी गांभीर्यानं घेते, कारण ती मुलांच्या भल्यासाठीच असते. पालकसभेत मी भाषण केलं नाही. प्रत्येक बाकावर एक सेल, एक बल्ब आणि एक वायर ठेवली आणि बल्ब लावायला सांगितलं. काहींनी पटकन लावला, अनेकांना वेळ लागला, काहींनी दुसरी वायर मागितली. १९९७ च्या एका माहितीपटात एमआयटीतून नुकत्याच पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही हेच काम दिलं होतं आणि त्यातले काही अडखळले होते, हे मी सांगितलं. मग मुलांच्या वह्या दाखवल्या: डाव्या पानावर पेननं लिहिलेला अंदाज, उजव्या पानावर काय झालं. एक आजोबा सभा संपल्यावरही बल्बची कडी आणि ठिपका निरखत बसले होते. त्यांच्या नातवानं त्यांना भिंग आणून दिलं.

गटाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. गट दोघांचाच असावा. तिघे असले की तिसरं मूल बघ्या होतं, आणि बघ्या बहुतेक वेळा तेच ते शांत मूल असतं. साहित्य कमी असेल तर अर्ध्या वर्गाला दुसरं काम द्यावं, पण तिघांत एक सेल देऊ नये. दोघांतही वायर कुणी धरायची आणि नोंद कुणी करायची हे दर काही मिनिटांनी बदलायला लावते. नाहीतर मुलगा-मुलगी जोडीत नोंदवही बहुतेकदा मुलीच्या हाती जाते आणि तिथेच राहते. आवराआवरीला शेवटची दहा मिनिटं राखून ठेवायची, तीही मुलांनीच करायची.

आता हे सामान तिसरीच्या बाईंनी मागितलंय. नटांचे आकडे, सेलचे डबे आणि कणकेच्या दोन्ही कृती त्यांना दिल्या आहेत. मिठाचा आणि साखरेचा गोळा वेगळा ओळखता यावा म्हणून त्यांत वेगवेगळा रंग मिसळा, एवढं बजावून सांगितलंय. लोलकाचा पहिला तास त्यांच्या वर्गात होईल तेव्हा मी मागच्या बाकावर बसणार आहे. त्यांनी मला एकच काम दिलंय: त्या उत्तर सांगायला लागल्या की हात वर करायचा.